देवानंदभाऊंची गरी

दर रविवारी तलावाच्या पाळीवर बसणाऱ्या माणसांकडे दोनच गोष्टी जमतात, मासोळ्या नाहीतर किस्से. आमच्याकडे मासोळ्या काही जमल्या नाहीत. म्हणजे काय जमलं असेल ते तुम्हीच समजा!

माझं पवनीत औषधांचं दुकान आहे. आठवडाभर लोकांचा खोकला आणि ॲसिडिटी ऐकायची आणि रविवारी सकाळी टोळक्यासोबत पाणी पाहत बसायचं. बायको विचारते, "तुमी तिथं मासोळ्या धरता का गप्पा धरता?" खरं सांगतो, मलाही नीट माहीत नाही.

टोळकं चौघांचं. मी, शाळेत गणित शिकवणारे लांजेवार सर, पुण्याहून बदलून आलेले बँकेचे आपटे साहेब आणि कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क असलेले देवानंदभाऊ मेश्राम. यात दोन पक्ष. साहेब शौक पक्षाचे, पक्के शाकाहारी. त्यांना मासोळी धरायला आवडते, खायची नसते. बाकी आम्ही सगळे रस्सा पक्षाचे.

रस्सा पक्षाचे पुढारी देवानंदभाऊ. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. भाऊंची गरी ऑनलाइन मागवलेली, फिरकीवाली, काळी कुळकुळीत. ती घरात आली त्या दिवसापासून कुंदा वहिनी दर रविवारी मासोळीचा मसाला वाटून ठेवतात आणि दर रविवारी त्या मसाल्यात वांगे-बटाटे शिजतात. स्वतःच्या हातानं धरलेली एक मासोळी बायकोच्या हातात ठेवायची, एवढीच या माणसाची इच्छा. बढती नको, बदली नको, एक मासोळी पाहिजे!

* * *

पाळीवरून जाणारा येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "लागलं का काही?" आम्ही न बघताच माना हलवतो.

एकदा देवानंदभाऊ एकदम ओरडले, "लागलं! लागलं रे बापा, लागलं!"

लांजेवार सर चष्मा सांभाळत जाळी घेऊन धावले. मी बादली घेऊन धावलो. म्हशी चारणारा एक जण म्हशी सोडून धावत आला. सर लांबूनच ओरडत होते, "ढील द्या! ढील द्या! ओढू नका!"

"ढील काय देऊ जी? अंगठ्यात घुसली ना!"

गरी भाऊंच्या अंगठ्यात आरपार! म्हशीवाल्यानं वाकून नीट पाहिलं आणि म्हणाला, "किलोभर त नसन."

दुकानात आणून मी पट्टी केली, डॉक्टरांकडे पाठवून इंजेक्शनही घ्यायला लावलं. घरी गेल्यावर कुंदा वहिनींनी अंगठा पाहिला. "चला," त्या म्हणाल्या, "पयल्यांदा गरीले काईतरी लागलं!"

* * *

आपटे साहेबांचं नशीब मात्र वेगळं. ज्याला नको त्याच्याच दारात येतं म्हणतात ना, तसं. पहिल्याच रविवारी साहेबांच्या गरीला हाताएवढी मरळ लागली. मरळ म्हणजे काय चीज आहे हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. देवानंदभाऊंनी थैलीचं तोंड उघडून समोर धरलं. साहेबांनी फोटो काढला, मासोळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि अलगद पाण्यात सोडून दिली.

भाऊंची थैली तशीच उघडी.

"साहेब, निसटली काय?"

"छे, सोडली! कॅच अँड रिलीज. नुसता आनंद घ्यायचा."

जवळच रुखमाबाई आपला डोंगा काठाला लावत होत्या. त्यांचं घर मासोळीवर चालतं, नवरा जाळं टाकतो आणि त्या बाजारात विकतात. त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. "काहून सोडली जी? खराब होती काय?"

"नाही हो मावशी, मजेसाठी धरली होती."

"मजा?" रुखमाबाई पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "तिची त नाई दिसली!"

साहेब ओशाळले, पण हसले मनापासून. तेव्हापासून रुखमाबाईंचा नेम ठरला. साहेब दिसले की डोंग्यातून हात हलवून आपल्या जाळ्याकडे बोट दाखवायचं आणि हाक मारायची, "साहेब, सोडाचीच असन त इकडे सोडा जी!"

* * *

लांजेवार सरांचा विश्वास शास्त्रावर. मासोळी लागत नाही म्हणजे चाऱ्यात चूक आहे, असं त्यांनी सिद्ध केलं. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी घरी चारा तयार केला. कणीक भाजून घेतली, शेंगदाण्याची पेंड, गूळ आणि वास सुटावा म्हणून वेलची घातली. वर साजूक तूप. सगळं मळून, लाडवाएवढे गोळे वळून स्टीलच्या डब्यात भरून आणलं. डबा पाळीवर ठेवून सर खाली पाण्याची खोली मोजायला उतरले.

खोली मोजून वर आले तर डबा अर्धा रिकामा आणि देवानंदभाऊ रुमालानं मिशी पुसत बसलेले.

"सर, वहिनीच्या हाताले चव आहे बरं! गोड जरासं कमी वाटलं, पन लाडू एक नंबर."

सरांनी डब्यातले उरलेले गोळे मोजले. "भाऊ, तो चारा होता."

"चारा?"

"झिंग्याची पूड बी होती त्यात. आनि कोंबड्याइच्या दुकानातलं थोडंसं काईतरी."

मी त्यांना पाण्याची बाटली दिली. आपटे साहेब लांबून म्हणाले, "सर, चारा चांगला आहे म्हणायचा. पहिल्याच दिवशी ऐंशी किलोचं लागलं!"

* * *

एका रविवारी कुंदा वहिनी स्वतः पाळीवर आल्या. भाऊ घरी चष्मा विसरले होते, तो द्यायला. भाऊ स्कूटरच्या डिकीतून थर्मास आणायला उठले आणि गरी त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "जरा धरून ठेव. काई करू नको, फक्त धरून ठेव."

वहिनींनी फक्त धरून ठेवली. भाऊ थर्मास घेऊन वळले तेव्हा वहिनींच्या पायापाशी चांगली रोहू उड्या मारत होती.

त्या वेळी भाऊंचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. माणूस इतके रविवार तिथं बसून होता! पण क्लार्क तो क्लार्कच, त्यांनी लगेच मुद्दा काढला. "गरी कोनाची? माझी. मंग मासोळी कोनाची? माझी!"

"तुमचीच," वहिनी गरी त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "मंग भाजी बी तुमीच करा."

भाऊंनी केली. मी खाल्ली. जास्त काही सांगत नाही, दुसऱ्या दिवशी दुकानातलं ओआरएस मीच पहिलं उघडलं.

* * *

आणि आता हा शेवटचा.

देवानंदभाऊंची मुलगी प्रज्ञा भंडाऱ्याला नर्स आहे. सानगडीच्या रामटेके गुरुजींच्या मुलाशी तिची सोयरीक ठरत होती. पोरापोरीची पसंती झालेली, फक्त मोठ्यांचं बोलणं राहिलं होतं. गुरुजींचा फोन आला तेव्हा बोलता बोलता जेवणाखाण्यावर गोष्ट आली आणि भाऊ बोलून बसले, "आमच्या घरी मासोळी विकत येतच नाई जी. मी सोता धरतो!"

पलीकडून गुरुजी खूश. "वा वा! मले बी गरीचा लय शौक. मी त घरच्याइले बाजाराच्या मासोळीले हात लावू देत नाई! मंग रविवारी संगंच बसू."

भाऊ सरळ माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला. "कसं करू गा आता? पोरीच्या सासऱ्यापुढं पयल्याच दिवशी खोटा पडलो त? तो म्हनन, बापच असा, त पोरगी कशी असन?"

यावर माझ्याकडे गोळी नव्हती. मी फक्त सोबत येतो म्हटलं.

रविवारी गुरुजी आणि त्यांच्या पत्नी आले. जयभीम झाला, चहा झाला. बायका घरी बसल्या, प्रज्ञाही सुट्टी घेऊन आली होती, आणि आम्ही तिघं वैनगंगेवर. दोघांनी गऱ्या टाकल्या. गुरुजींनी लहानपणी धरलेल्या मासोळीची लांबी हातानं दाखवली. भाऊंनी आपल्याकडून निसटलेल्या मासोळीची दाखवली. दोघांचेही हात पुरेनात! पाण्यात मात्र काहीच हालचाल नाही.

ऊन चढलं तसे देवानंदभाऊ उठले. "मी जरा त्या खडकाकून टाकून पायतो." ते दिसेनासे होतात न होतात तोच गुरुजीही उठले. "मी बी जरा वळनाकून पायतो." मी एकटाच बसलो. मागच्या घाटावर, जिथं दोन्ही बाजूंनी जाता येतं, मासोळीवाल्यांचे डोंगे लागत होते.

बऱ्याच वेळानं भाऊ घाम पुसत आले. हातात ओली थैली. "लागली ना! कतला! तिथंच साफ करून घेतली. अर्धी साफ करनाऱ्यालेच देऊन टाकली, बिचारा गरीब मानूस."

दुसऱ्या बाजूनं गुरुजी आले. त्यांच्याही हातात ओली थैली. "मले बी लागली जी! कतलाच! मी बी अर्धी देऊन टाकली. एवढी मोठी कायले पाह्यजे?"

दोघांनी एकमेकांचं तोंडभरून कौतुक केलं. मी पाण्याकडे पाहत राहिलो.

घरी कुंदा वहिनींनी दोन्ही थैल्या आत नेल्या. मसाला वाटून तयारच होता. आम्ही बैठकीत बसलो. भाऊंनी दोनदा पाणी मागितलं, पण आतून पाणी आलं नाही.

मग वहिनी मोठी परात घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली. परातीत एका बाजूला डोक्याकडचा अर्धा भाग, दुसऱ्या बाजूला शेपटीकडचा. वहिनींनी दोन्ही भाग दोन बोटांनी हळूच एकमेकांकडे सरकवले. काप कापाला बरोबर बसला. मधला तिरपा तुटलेला काटासुद्धा!

प्रज्ञानं तोंडावर ओढणी धरली. गुरुजी छताच्या पंख्याकडे पाहू लागले. देवानंदभाऊ कुठेच पाहू शकत नव्हते.

कुंदा वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुरुजींच्या पत्नीकडे वळून म्हणाल्या, "बाई, आता बोलनं कायचं बाकी आहे वो? जुळलं ना!"