कुमुद मावशींची फिजिओथेरपी

खोट्या प्रिस्क्रिप्शनवर पेनकिलर घेताना मला पोलिसांनी पकडलं होतं.

हे आज पहिल्यांदाच उघडपणे लिहितोय. कारण परवा कुमुद मावशी गेल्या.

डब्लिनला आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, रिटायर्ड भूलतज्ज्ञ.

पाठीच्या सर्जरीनंतर सुरू झालेल्या गोळ्या मला सुटल्याच नाहीत. आधी जॉब गेला. मग बायको मुलीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. मग अटक.

वकील म्हणाला, जेल टाळायचा एकच रस्ता आहे. ड्रग कोर्ट.
दीड वर्ष ट्रीटमेंट, कधीही युरीन टेस्ट, आणि दर मंगळवारी जजसमोर हजेरी. पूर्ण केलं तर केस रद्द.

माझं लायसन्स सस्पेंड झालेलं. पहिल्या मंगळवारी कॅबची वाट बघत उभा होतो, तर मावशींची गाडी थांबली.

"कुठे निघालास?"

काय झालं कुणास ठाऊक, मी सगळं खरं सांगून टाकलं.

"बस. बेल्ट लाव."

तेव्हापासून दर मंगळवारी त्याच नेऊ लागल्या. कोर्टात मागच्या बाकावर बसायच्या. कुणाचे तीस दिवस क्लीन झाले की कोर्टात टाळ्या वाजतात. सगळ्यांत जोरात मावशींच्या! महिन्याभरात सगळे त्यांना 'आँटी' म्हणायला लागले.

पाचव्या महिन्यात मी घसरलो.
जुन्या जॅकेटमध्ये दोन गोळ्या सापडल्या. घेतल्या.

मंगळवारी गाडीत म्हणालो, "मावशी, आज नको जाऊ या. आजारी आहे असं कळवतो."

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"घेतल्यास?"

"हो."

"मग टेस्टच्या आधी तू स्वतः सांग. खोटं बोललास तर मी परत येणार नाही. खरं बोललास तर जेलमध्येसुद्धा भेटायला येईन."

मी सांगितलं.
जजनी तीन दिवस जेल दिली, पण प्रोग्रॅममधून काढलं नाही. म्हणाल्या, "You told me yourself. That counts."

सुटलो तेव्हा बाहेर मावशी हजर.
"किती वास मारतोयस रे! खिडकी उघड आधी."
अटक झाल्यापासून पहिल्यांदा मी खळखळून हसलो.

केस रद्द झाली त्या दिवशी बायको आणि मुलगी कोर्टात आल्या होत्या. सगळे टाळ्या वाजवत होते. मावशी तेवढ्या वाजवत नव्हत्या. चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

आज फ्युनरलला लोक भरभरून बोलले. त्यांचं हॉस्पिटल, मराठी मंडळातली नाटकं, त्यांच्या हातची कोथिंबिरीची सांबारवडी.

त्यांची एक मैत्रीण म्हणाली, "दीड वर्ष आमचा मंगळवारचा ब्रिजचा डाव बुडवला हिने. गुडघ्याची फिजिओथेरपी चालू आहे म्हणायची."

मावशींचे गुडघे ठणठणीत होते.

त्यांनी कुणालाही काहीही सांगितलं नाही. म्हणून मी सांगतोय.

येतो, मावशी. मनापासून नमस्कार.