दोन आर्चटॉप आणि एक हवालदार

डीलरचा फोन पुन्हा वाजला आणि मी तो पुन्हा कापला. टेबलावर त्याने पसंतीसाठी पाठवलेल्या दोन गिटारी होत्या. एक ठेवायची, दुसरी संध्याकाळच्या कुरिअरच्या गाडीने मुंबईला परत पाठवायची. हवालदार निकम दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. मी खुर्ची दाखवली की बसायचे आणि लगेच उठायचे. त्यांच्या चपलांच्या आवाजाने माझंही डोकं जागेवर राहीना.

मिरजेत आमचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे खरं तर अण्णांचं, माझ्या वडिलांचं. ते तंबोरे आणि सतारी बनवतात. मी गिटार दुरुस्तीकडे वळले, कारण हल्ली गिऱ्हाईक तीच घेऊन येतं. पण एक नियम दोघांनाही लागू. अण्णांनी कानाने पास केल्याशिवाय कुठलंही वाद्य आमच्या दारातून बाहेर जात नाही.

निकम उंब्रजचे. फौजेच्या बँडमध्ये नोकरी झाली. लोकांना परेडचा बँड माहीत असतो, पण त्याच बँडातल्या काही जणांचा छोटा जॅझ बँडही असतो, ऑफिसर्स मेसच्या पार्टीला वाजवणारा. निकम त्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. रिटायर झाले आणि हात रिकामे झाले. आता पुण्यातल्या एका जॅझ ग्रुपला गिटारवाला हवा होता. त्यांनी सांगितलं होतं, अँप्लिफायर नको, अकूस्टिक आर्चटॉप आणा, रविवारी ऐकतो.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं होतं.

"तर साखर कारखान्याच्या गेटावर शिक्युरिटी. सोमवारी त्यांना हो-न्हाई सांगायचंय. शिट्टी देत्यात म्हणं. तेवढंच संगीत."

हसले, पण डोळे हसत नव्हते.

आर्चटॉप म्हणजे काय, ते सांगते. साध्या गिटारीचं तोंड सपाट असतं आणि मधोमध गोल भोक. आर्चटॉपचं तोंड व्हायोलिनसारखं फुगीर कोरलेलं असतं आणि दोन बाजूंना दोन लांबट, वळणदार चिरा. घोडी, म्हणजे तारांखालचा ब्रिज, चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावर नुसती उभी असते, आमच्या सतारीसारखी. म्हणून तर अण्णांना ही गिटार जरा आपल्यातली वाटते.

मी चिरेतून छोटा आरसा घालून दोन्हींचं पोट पाहिलं. लाकडाच्या तोंडाला आतून आधाराच्या पट्ट्या लावतात. पहिलीत त्या फुलीसारख्या होत्या. दुसरीत दोन पट्ट्या शेजारी शेजारी, सरळ. फुलीने सूर लांबतो, सरळ पट्ट्यांनी तो चटकन येतो नि विझतो; माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली होती. पण अण्णा आतल्या खोलीत जाऊन बसले होते आणि परीक्षा सुरू झाली होती.

आमच्याकडची परीक्षा अशी. दार लावायचं, पंखा बंद करायचा, एक तार छेडायची आणि ती पूर्ण विझेपर्यंत कुणी बोलायचं नाही. छेडल्यावर सूर जितका वेळ मागे रेंगाळतो, त्याला आस म्हणतात. तंबोऱ्याचं सगळं मोल तिच्यात.

अण्णांनी पहिलीची तार छेडली. सूर खोलीभर पसरला आणि राहिला. अण्णांनी डोळे मिटले.

"काय आस हाय! हीच घे."

मग दुसरी. सूर ताडकन आला आणि गेला.

"ही मुकी हाय. पाटावर बोट आपटल्यावानी. पाठव परत."

निकमांनी लगेच वाकून नमस्कार केला. "अण्णा म्हणत्याल ती. तुमच्यापुढं आमी काय बोलावं?"

मी दुसरी खोक्यात घातली आणि चिकटपट्टी लावायला घेतली. निकम बाहेरच्या बाकावर एक पाय टेकवून पहिली वाजवून बघत होते. वाजवायचे, थांबायचे, मान हलवायचे, परत सुरू. त्यांना पटलेलं नव्हतं. पण फौजेतला माणूस, वडीलधाऱ्याने एकदा सांगितलं म्हणजे संपलं. मला अण्णांचा राग आला आणि निकमांचा त्याहून जास्त. रविवारी तिथे आमचे अण्णा नव्हते बसणार.

"कशी वाटतेय?" मी विचारलं.

"लय ग्वाड हाय, ताई."

"गोड आहे, कळलं. चालेल का?"

"अण्णांनी सांगितलंय न्हवं?"

फोन वाजला. डीलर म्हणाला, "मॅडम, कोणती येतेय तेवढं सांगा. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." मी म्हटलं, सांगते, आणि चिकटपट्टी तशीच लोंबती सोडली.

"रविवारी वाजवणार तसं अण्णांना वाजवून दाखवा," मी निकमांना म्हणाले. "अण्णा, तुम्ही ठेका धरा."

अण्णांना ठेका धरायला कधीही चालतं. मांडीवर थाप सुरू झाली. निकमांनी प्रत्येक थापेला एक कॉर्ड, म्हणजे एकदम पाचसहा तारांवरचा सुरांचा झुबका, टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. दर दोन थापांना झुबका बदलायचा. पहिल्याचा आवाज अजून घुमत असतानाच दुसरा त्यावर येऊन पडत होता. थोड्याच वेळात सगळा गोंधळ झाला, आणि ठेका कुठे आहे तेच कळेना.

अण्णांची थाप थांबली. "अरं, पयला सूर जाऊ दे की! तवर दुसरा कशाला आणतोस? थांब की रं जरा!"

"आवं अण्णा," निकम काकुळतीला येऊन म्हणाले, "मी थांबलो तर ब्यांड फुडं जातोय की!"

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"बाकीचे काय वाजवत्यात?"

"ड्रम, बास, एक सॅक्सोफोन. मी सगळ्यांच्या मधनं ठेका न्यायचा. दिसायचं न्हाई, पर सुटायचं न्हाई."

"मग हे आधी का न्हाई बोललास?"

"तुमच्यापुढं कसं बोलायचं?"

"खोकं खोल," अण्णा मला म्हणाले.

मी पट्टी टरकावली. दुसरीची घोडी फार खाली बसली होती. घोडीच्या दोन्ही बाजूंच्या बारक्या चाकांनी ती वर उचलली, तारा जरा जाड चढवल्या. बाहेर कुरिअरवाल्याने हॉर्न द्यायला सुरुवात केली होती. तार घट्ट करताना माझी बोटं घसरत होती, आणि अण्णा शेजारून "सावकाश" म्हणत होते, ज्याने आणखीच घाई होत होती.

निकमांनी वाजवलं. छक्, छक्, छक्, छक्. प्रत्येक झुबका येऊन, आपलं काम करून बाजूला होत होता. अण्णांची थाप आपोआप सुरू झाली. निकमांच्या पायाने जमिनीवर ताल धरला आणि त्या दुपारी पहिल्यांदाच ते एका जागी बसून राहिले.

"वाद्य म्हणून हिच्यात दम न्हाई," अण्णा तोंड वाकडं करून म्हणाले. "पर हिच्यासंगं चालता येतंय. ने."

पहिली गिटार गाडीत चढली तेव्हा अण्णा फाटकापर्यंत तिला सोडायला गेले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मलाही वाटलं. इतकं चांगलं वाद्य आम्ही स्वतःच्या हाताने परत पाठवत होतो.

रविवारी दिवसभर निरोप नाही. मी फोन हातात घेऊन फिरत राहिले आणि अण्णा "आला का?" विचारायचं टाळत फिरत राहिले. सोमवारी सकाळी निकमांचा आवाज आला.

"ताई, घेतलं मला. गिटार कुठली, कुणाची, कायबी इचारलं न्हाई. दुसऱ्या गाण्यातच सॅक्सोफोनवाला माझ्याकडं बघून हसला. कारखान्याला आत्ताच न्हाई म्हणून सांगितलं."

आता कुणी वाद्य निवडायला आलं की मी आधी विचारते, सोबत कोण वाजवणार आहे. कुणीच नसेल तर दार लावून, पंखा बंद करून आस ऐकायची. कुणी असेल तर आधी ठेका धरायचा, मग ठरवायचं. अण्णांना ही पद्धत अजून मान्य नाही. पण ठेका धरायला तेच येऊन बसतात.