साडूंची आडवी सायकल

तांबडा दिवा लागला की थांबणारा माणूस आमच्या वसमतमध्ये एकच आहे आणि तो माझा साडू आहे. मी हिशेबाला पक्का माणूस आहे, उगाच 'एकच' म्हणत नाही. चौकातल्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसून मी स्वतः पाहिले आहे. तांबडा लागला की हळदीचा ट्रॅक्टर जरासा हळू होतो, मोटारसायकलवाला उजवीडावीकडे बघतो आणि निघतो, पायी माणूस तर बघतही नाही. साडू तेवढे थांबतात. पोलीस असो वा नसो, समोरचा रस्ता कोऱ्या कागदासारखा मोकळा असो, एक पाय रस्त्यावर, एक पॅडलवर आणि नजर दिव्यावर. आणि सबंध गावात जो एकटा त्या दिव्याला मानतो, नेमका त्यालाच तो दिवा ओळखत नव्हता.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करतो. या माणसाविषयीची माझी माहिती काही डोळ्यांनी पाहिलेली आहे, काही त्यांनी सांगितलेली आणि काही अक्कांनी. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. साडू घडलेले कमी करून सांगतात आणि अक्का वाढवून. मी दोन्हींचा मध्य काढला आहे.

साडू एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी एकही अपघात न करता काढली आणि निवृत्त होताना गाडी डेपोत परत दिली, पण ड्रायव्हरपण काही परत दिले नाही. ते आता सायकलीवर बसलेले असते. सकाळी निघण्याआधी ते सायकलीभोवती पूर्ण फेरी मारतात, दोन्ही टायरांना बुटाने ठोसा देतात, वाकून खाली काही गळते आहे का बघतात. सायकलीतून काय गळणार, हे मी एकदा विचारले होते. "सवय मोडली की माणूस गळतो," एवढेच म्हणाले. वळताना त्यांचा उजवा हात असा पसरतो की मागून येणाऱ्याला खिडकीसुद्धा दिसावी. गतिरोधकावरून गेल्यावर ते मान वळवून मागे बघतात, प्रवाशांना लागले तर नाही ना म्हणून. आमच्या नातवाच्या बारशाला आले तेव्हा दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत त्यांना सायकल उलटी लावायची होती. मला मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" म्हणायला लावले. पाहुण्यांच्या देखत मी ते म्हटले. दुसऱ्याच्या गाडीवर मागे मात्र ते कधी बसत नाहीत. हँडल परक्याच्या हातात गेले की त्यांचा पाय हवेत ब्रेक शोधू लागतो. गुडघ्यांमुळे पायी फार चालवतही नाही. म्हणजे सायकल आहे तोवर साडू आहेत, असा सरळ हिशेब.

आणि जायचे तरी कुठे, तर स्टँडवर. कळमनुरीची पहिली गाडी लागलेली असते, तिच्या ड्रायव्हरला जयभीम घालायचा, कँटीनचा चहा घ्यायचा, गाडी निघताना तिच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या. त्या थापांशिवाय गाडी निघत नाही अशी साडूंची समजूत आहे. ती दूर करण्याचे धाडस डेपोतल्या कोणी केलेले नाही.

पूर्वी सायकलीच्या कॅरिअरवर अक्का बसत. त्यांनी पाठीवर दोन टिचक्या मारल्या की ती कंडक्टरची डबल बेल. त्याशिवाय साडू पॅडल मारत नसत. एकदा भर उन्हात बाजारात अक्का कोणाशी बोलत राहिल्या आणि बेल द्यायची विसरल्या. साडू घाम गाळत तसेच उभे. पुढे अक्कांनी कॅरिअर सोडले आणि मग एकदा एका शेळीने मध्ये उडी घेतल्यामुळे साडू पडले. मनगट प्लास्टरमध्ये गेले. दवाखान्यातच अक्कांनी निकाल दिला, "पुन्यांदा पडलात ना, त्या दिवशी सायकल भंगारवाल्याला." साडूंनी डाव्या हाताने शपथ घेतली, कारण उजवा बांधलेला होता.

प्लास्टर निघाले आणि काही दिवसांनी चौकात सिग्नल आला. आमच्या वस्तीचा छोटा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे. सिग्नल हुशार होता. मोठ्या रस्त्याला कायम हिरवा, आणि आमच्या बाजूला गाडी आली तरच आपल्याला हिरवा. गाडी आली हे त्याला कळावे म्हणून डांबरात तारेचे चौकोनी वेटोळे पुरले होते. वर लोखंडाचा मोठा गोळा आला की त्याला समजे. मोटारसायकल समजे, ट्रॅक्टर समजे. सायकल उभी राहिली तर तारेच्या लेखी रस्ता रिकामा.

पहिल्या दिवशी साडू तिथे उभे राहिले आणि उभेच राहिले. शेजारून दोन शाळकरी मुली सायकलीवरून सुळकन निघून गेल्या. मी स्कूटरवरून मागून आलो, माझ्या स्कूटरच्या लोखंडाने दिवा हिरवा झाला, तेव्हा ते सुटले. मी म्हटले, "दादा, रस्ता मोकळा होता की. जायचं ना."

"लाल म्हंजी लाल," साडू म्हणाले. "संविधान काय निस्तं सव्वीस जानेवारीलाच पाळायचं व्हय?"

मी स्कूटर पुढे काढली.

मग प्रयोग सुरू झाले. लोखंड कमी पडते म्हणून त्यांनी अक्कांचा भाकरीचा तवा कॅरिअरला बांधला. दिवा ढिम्म. दुसऱ्या दिवशी लोखंडी खलबत्ता. तरीही ढिम्म, आणि घरी अक्का विचारत होत्या, "आता भाकरी काय ह्यांच्या टाळक्यावर थापू का?" मग त्यांनी मोटारसायकलींची मदत घ्यायला सुरुवात केली. कोणी मागे थांबला की हात हलवून, "पुढं या, पुढं सरका, जागा लई हाय पुढं." लोकांना वाटे, हे काहीतरी विकतात. एक पोरगा भला होता, तो म्हणाला, "बसा काका माझ्या मागं, सायकल राहू द्या इथंच." साडूंनी त्याच्याकडे असे पाहिले की तो तांबड्यातूनच निघून गेला.

उत्तर शेवटी सायकलीनेच दिले. एके सकाळी उभे राहून राहून साडूंनी सायकल स्टँडला लावली, स्टँड घसरला आणि सायकल तारेवर आडवी झाली. हिरवा लागला. साडूंनी ती उचलली, घरी परत गेले, पुन्हा आले, पुन्हा आडवी केली. पुन्हा हिरवा. चाके आडवी झाली की तारेला दिसतात, असे काहीसे ते आहे. मीही नंतर माझ्या पुतण्याच्या सायकलीवर पडताळा घेतला, बरोबर निघाले.

इथून खरी अडचण. वयस्क माणूस चौकात उभा आहे आणि त्याच्या पायाशी सायकल पडली आहे, हे चित्र पाहून वसमतचा माणूस एकच अर्थ काढतो. तो धावत येतो. एक धावला की चार धावतात.

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा साडू घोळक्यात सापडले होते. "उचलू नका हो, उचलू नका," ते सायकलीसाठी विनवत होते आणि लोक ती उचलत होते. सायकल उचलली की तारेला दिसेना, दिवा तांबडाच, साडू पुन्हा ती आडवी करत, लोक पुन्हा उचलत. एका रिक्षावाल्याने त्यांच्या डोक्यावर पाणी ओतले होते. तो दुसऱ्याला हळूच म्हणाला, "डोक्याला मार दिसतो. सायकल मांडून ठिवून राहिलेत." मग मोठ्याने, "काका, तुमचं नाव सांगा बरं."

"तुमी आधी तारेवरून हटा, मंग सांगतो."

"कोणती तार, काका?"

"जिमिनीतली."

रिक्षावाल्याने दुःखाने मान हलवली.

बातमी साडूंच्या आधी घरी पोचली. अक्का दारात उभ्याच होत्या. त्यांनी ओले डोके बघितले. सायकल गजाला साखळीने बांधली, कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. भंगारवाला बाजाराच्या दिवशी गल्लीत येतो, तोवरची मुदत.

ते दिवस साडूंनी ओसरीवर काढले. तिथून स्टँड दिसत नाही, पण हॉर्न ऐकू येतो. "कळमनुरी निघाली," ते म्हणत. थोड्या वेळाने, "ही नांदेड. ब्रेक घासायला आलेत हिचे." चहा पुढे ठेवला तर गार करत. अक्का आतून हे बघत होत्या, पण किल्ली कमरेलाच.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी रदबदलीला गेलो. तारेचे सगळे शास्त्र समजावून सांगितले. अक्का तांदूळ निवडत होत्या.

"भाऊजी, सायकल आडवी केली की हिरवा लागतो?"

"हो."

"मंग मी आडवी झाले तर काय लागंल?"

"अक्का, माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः बघा."

"बघते," त्या म्हणाल्या. "काहून न्हाई बघायचं? उद्या सकाळी."

सकाळी कुलूप निघाले. साडूंनी फेरी मारली, टायर ठोकले, वाकून बघितले. अक्का कितीतरी वर्षांनी कॅरिअरवर बसल्या. सायकल करकरली, साडूंनी हँडल घट्ट धरले. दोन टिचक्या झाल्या आणि गाडी निघाली. मी मागून स्कूटरवर, पण तारेपासून हिशेबाने लांब.

चौकात तांबडा. "उतरा," साडू म्हणाले. अक्का उतरल्या. साडूंनी झोपलेले लेकरू ठेवावे तशी सायकल खाली ठेवली. धावत आलेल्या पानवाल्याला अक्कांनी हातानेच थोपवले, "पडले न्हाईत. तार दाबून राहिलेत." हिरवा लागला. अक्कांनी दिव्याकडे पाहिले, सायकलीकडे पाहिले. साडूंनी सायकल उचलली, झटकली, अक्का पदर सावरून बसल्या, टिचक्या मारल्या, तोवर तांबडा.

साडू थांबले. पुन्हा "उतरा." पुन्हा आडवी. पुन्हा हिरवा, पुन्हा उचलणे, बसणे, टिचक्या, तांबडा. तिसऱ्या वेळेला अक्कांना हसू आवरेना. तोंडाला पदर लावून त्या रस्त्यातच वाकल्या. "तुमी या तुमच्या दिव्यानं," म्हणाल्या, "मी चालत जाऊन पल्याड बसते." आणि गेल्या. साडू रीतसर हिरव्यात आले. पलीकडे अक्का कॅरिअरवर बसल्या आणि बसता बसता कमरेची किल्ली काढून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. अट एकच, रोज अक्का सोबत असणार, म्हणजे लोकांना सांगायला कोणी तरी असेल.

असे ते रोज जाऊ लागले. पुढे रस्ता खणताना तार तुटली आणि खांबावर कॅमेरा बसला. त्याला सगळे दिसते, शेळीसुद्धा. सायकल येताच हिरवा लागतो. आता आडवी करायला नको, कोणाला समजवायला नको, म्हणजे अक्कांनी यायचेही कारण उरलेले नाही. मी हे अक्कांना सांगितलेले नाही.

परवा सकाळी मी मागून आलो तर दिवा हिरवा आणि साडू उभेच. मी हॉर्न दिला. ते वळले नाहीत. मी शेजारी जाऊन म्हटले, "दादा, हिरवा आहे."

"दिसून राहिला. डबल बेल न्हाई झाली."

मी अक्कांकडे पाहिले. त्यांचा हात साडूंच्या पाठीवर होता, पण टिचकी मारत नव्हता.

"पल्याड गेलं की हे स्टँडचे," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या की घडीभर."

दिवा तांबडा झाला. मी स्कूटर बंद केली आणि त्यांच्या मागे थांबलो.