पडद्याच्या मागून

विभागप्रमुखांनी वही दोन बोटांच्या चिमटीत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि स्टाफरूमच्या फरशीवर टाकली.

"मॅडम, ही घाण उचला."

सातआठ प्राध्यापक चहा पीत होते. मी वाकले. वही उचलली. त्या वाकण्याची आजही मला किळस येते.

ऐंशीनंतरची गोष्ट. वर्ध्यात नवीनच मराठीची प्राध्यापक म्हणून लागले होते, अजून कायम व्हायची होते. पहिल्या वर्षाला निबंध शिकवायचा, म्हणजे विभागप्रमुख सरांनी लिहिलेला आदर्श निबंध सांगायचा आणि पोरांनी उतरवून घ्यायचा. विषय, चांदण्या रात्रीचा नौकाविहार. अर्ध्या पोरांनी जन्मात नाव पाहिलेली नव्हती. तरी प्रत्येक वहीत तेच चांदणं, तेच वल्हं आणि त्याच चुका. तपासताना शिसारी यायची.

शेवटी मी वर्गाला म्हटलं, पाहिलेल्या पिच्चरवर लिहा. गोष्ट नको. तुम्ही कुठं बसलात, बाजूला कोण होतं, लोक काय बोलले, ते लिहा. कधी तोंड न उघडणारी पोरंसुद्धा खाली मान घालून लिहीत सुटली.

फरशीवर पडलेली वही कुंदाची. आष्टीकडची पोरगी, माझ्याच समाजातली. तिनं लिहिलं होतं:

"बाजारात तंबूतला पिच्चर येवाचा. गावचे लोक पडद्यापुढं बसत, आमची वस्ती मांगं. मांगून सारं उलटं दिसे. हिरो डाव्या हातानं जेवे. मले वाटे, हिरो लोक डावखुरेच रायतात. वर्ध्याले आली, पुढून पिच्चर पायला, तवा समजलं का आमाले इतके दिवस उलटंच दाखवलं."

मीही तिथंच बसत होते, त्याच कापडामागं. मागं बसा असं कोणी सांगत नसे, पण पुढं बसायची आमची बिशाद नव्हती. हे मी कॉलेजात कोणाला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, आमच्याकडं सिनेमा पाहत नसत. खोटारडी.

"हिला शून्य द्या," सर म्हणाले. अंगावर पांढरीशुभ्र खादी. गांधीजयंतीला समतेवर भाषण यांचंच. "उद्या वर्गात माझा निबंध सांगा. मी येऊन बसणार आहे. तुम्हाला कायम करायचा रिपोर्ट मलाच लिहायचा आहे. तुमच्या लोकांना संधी दिली की तुम्ही तंबूच आणता इथं."

तुमच्या लोकांना. चहाचे घोट चालूच होते.

दुसऱ्या दिवशी सर शेवटच्या बाकावर बसले. मी सांगायला लागले. चंद्र उगवला. नाव डुलू लागली. माझाच आवाज मला घाणेरडा वाटत होता. सगळे लिहीत होते. कुंदानं पेन बंद करून ठेवला होता.

"लिहीत काऊन नाही?" मी विचारलं.

ती उभी राहिली. "मॅडम, तुमी कुठून पायला पिच्चर?"

सर बघत होते. 'नाही पाहिला' म्हणाले असते तर नोकरी पक्की होती.

"मागून," मी म्हटलं. "आष्टीच्याच बाजारात. पडद्यामागं बसून."

बोलले आणि छाती मोकळी झाली. मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःवरच जास्त. इतकी वर्षं कोणाची लाज मी वागवत होते? मागं बसवणाऱ्यांना ती नव्हती.

"मॅडम, निबंध पुढं सांगा," सर म्हणाले.

"नाही सांगणार."

मी कुंदाची वही काढली आणि शब्द न शब्द मोठ्यानं वाचला. तिच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता. मधेच सर उठून गेले. मी थांबले नाही. तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले.

रिपोर्टात सरांनी लिहिलं, अध्यापनास अपात्र. उन्हाळ्यात नोकरी गेली. स्टाफरूममधलं कोणी भेटायला आलं नाही. बरं झालं, नाहीतर त्यांनाही चहा पाजावा लागला असता.

पुढं दुसऱ्या कॉलेजात मुलाखत झाली. टेबलामागं तशीच माणसं. विचारलं, निबंध कसा शिकवाल?

म्हटलं, "तंबूतला पिच्चर, बाजारातला भोंगा, लग्नातला बँड, पोरांनी जे पाहिलं-ऐकलं त्यावर लिहायला लावीन. कुठं बसून पाहिलं, तेही लिहायला लावीन. माझ्या वर्गात कोणी दुसऱ्याचं चांदणं उतरवून घेणार नाही. मला घ्यायचं तर अशीच घ्या."