उघड्या दाराची गाडी

आमच्या शिमिझू बंदराजवळच्या गल्लीत तोकुजी ओइशींचं सलून आहे आणि त्याला लागून माझं तोफूचं दुकान. मधे एकच भिंत. त्यांच्याकडची कात्री मला ऐकू येते, माझ्याकडची वाफ त्यांच्या आरशावर जाते. यावरून मिसाओताई मला नेहमी टोमणा मारायची, "हारुए, तुझ्या सोयाबीनमुळे आमची गिऱ्हाइकं स्वतःला ओळखत नाहीत गं!"

मिसाओताई म्हणजे तोकुजींची थोरली बहीण. बापानं हातात वस्तरा दिला तो तिच्या. तोकुजींना धंदा तिनंच शिकवला. दोघांनीही लग्न केलं नाही. दोन खुर्च्या, दोघं भावंडं. ताई बोलायची आणि तोकुजी ऐकायचे. सलून बंद असलं की तोकुजी मागच्या खोलीत प्लास्टिकच्या छोट्या गाड्या जोडत बसत. आमच्या शिझुओकात हे काही नवल नाही, इथल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी असल्या गाड्यांच्या कारखान्यांत काम केलेलं असतं. पण तोकुजींचा हात वेगळाच. खोक्यातली गाडी ते कधी खोक्यावरच्या चित्रासारखी करायचे नाहीत. गल्लीत उभी असलेली खरी गाडी बघायचे आणि तिचा पोचा, तिचं उडालेलं पॉलिश, मागच्या काचेतली उशी, सगळं त्या तळहाताएवढ्या गाडीत उतरवायचे.

ताई म्हणायची, "माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नाही हा. पण गाडीवरचा ओरखडा याला अंधारातसुद्धा दिसतो."

ताईची स्वतःची एक फिकट हिरवी गाडी होती. तीत कात्र्यांची पिशवी आणि पांढरं कापड टाकून ती महिन्यातून एकदा आबे नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या ओकुतोचीला जायची. तिथल्या म्हाताऱ्यांना खाली उतरवत नाही, म्हणून त्यांचे केस कापायला.

त्या सप्टेंबरात वादळ येणार म्हणून सांगत होते, पण ते उद्यावर होतं. मी म्हटलं, "ताई, पुढच्या आठवड्यात जा की."

"पुढच्या आठवड्यात त्यातला एखादा मेला तर? वाढलेल्या केसांनी जाईल बिचारा," ती हसली आणि गाडीत बसली.

वादळ त्याच दुपारी आलं. ताईनं ओकुतोचीतल्या सगळ्यांचे केस कापले, चहा घेतला आणि परतीला निघाली, एवढं तिथल्या लोकांनी सांगितलं. ती घरी पोचलीच नाही. नदीकाठच्या खालच्या रस्त्याची एक अख्खी कड पुरात वाहून गेली होती. परतायला दुसरा रस्ता होता तो वरच्या घाटाचा. शोधपथकाच्या माणसानं माझ्यासमोर तोकुजींना विचारलं, "घाटानं आल्या असतील का?"

तोकुजी ठाम होते. "नाही. ताई घाटात गाडी घालतच नाही. वळणांना घाबरते ती. खालूनच आली असणार."

मग सगळी माणसं नदीला लागली. पार समुद्राच्या तोंडापर्यंत गाळ उपसला. ना गाडी सापडली, ना ताई.

तोकुजींनी सलून पुन्हा उघडलं. ताईची खुर्ची रोज पुसायचे, पण तिच्यावर कोणाला बसवायचे नाहीत. गिऱ्हाइकंही आपणहून तिकडे जात नसत. आणि मग ते ती हिरवी गाडी करायला लागले, दरवर्षी एक, आणि सलूनमधल्या काचेच्या कपाटात ठेवायला लागले.

पहिली केली ती धुऊनपुसून ठेवल्यासारखी, ताई घेऊन गेली तशी. दुसरीच्या खिडक्यांपर्यंत चिखल होता, आबे नदीचाच, वाळवून, चाळून लावलेला. तिसरीचं नाक चेपलेलं. मग गंज चढत गेला, टपावर शेवाळ आलं, चाकांत गवत वाढलं. वाळकं गवत ते सलूनमधल्या पांढऱ्या केसांचं करायचे. आमचा मासेवाला म्हातारा इसोबे कपाटाच्या काचेला नाक लावून विचारायचा, "काय हो, यातल्या कुठल्या गाडीवर उगवलोय मी?" तोकुजी सरळ बोट दाखवायचे. इसोबेचं हसू तिथंच थांबायचं.

प्रत्येक गाडी जणू त्या वर्षी ती जिथं पडली असेल तिथली, तेवढीच जुनी झालेली. ते कपाट बघवत नसे. पण मी एक पाहिलं होतं. प्रत्येक गाडीचं चालकाच्या बाजूचं दार उघडं होतं. खोक्यातल्या गाडीला दार उघडायची सोयच नसते, सगळं एकसंध असतं. तोकुजी त्या रेषेवरून पात्याची बोथट बाजू पुन्हा पुन्हा ओढत, दार कापून वेगळं काढत, पितळी तारेची बिजागरी करून परत बसवत. दिवसचे दिवस तेच चाले.

मी एकदा विचारलं, "चिखल, गंज सगळं दाखवता, मग दार का उघडं?"

"बंद ठेवलं तर ती आत राहील ना," ते म्हणाले. रोजच्या भाजीबद्दल बोलावं, तसं.

मे महिन्यात शहरात छंदवाल्यांचं प्रदर्शन भरतं. गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबातल्या मंडळींनी फारच आग्रह केला म्हणून एका वर्षी तोकुजींनी त्यांतली एक गाडी नेली. टपावर देवदाराची पानं पडलेली, बॉनेटमधून नेचे फुटलेले, दार उघडं. मी सोबत गेले होते. लोक वाकून बघत होते, "काय गंज आणलाय!" म्हणत होते. दुपारी एक रापलेला माणूस आला. डोंगरात झाडं तोडणारा, कुमाकिरी नावाचा, नातीला घेऊन आला होता. तो बराच वेळ बघत उभा राहिला. नात हात ओढत होती, तरी हलेना.

"तुम्ही तिथं उतरला होतात का?" त्यानं विचारलं.

"कुठं?" तोकुजी म्हणाले.

"घाटाखालच्या घळीत. ही गाडी मी पाहिलीय ना. हिरवीच आहे. दारसुद्धा असंच उघडं. लोक जुन्या गाड्या ढकलून देतात, मला वाटलं त्यातलीच एखादी."

तोकुजी खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर. मीच त्या माणसाला विचारलं, कुठली घळ, कसं जायचं. तो सांगत होता आणि मधेच त्याला काहीतरी उमगलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

पोलिसांबरोबर आम्ही गेलो. घळीत दोर लावून उतरावं लागलं. गाडी देवदारांत अडकून तिरकी उभी होती. काचा फुटलेल्या, आत माती. सीटचा पट्टा तुटलेला नव्हता, हातानं सोडवलेला होता. दार उघडं होतं. तोकुजी त्या दाराला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बाहेर पडली. हारुएसान, ताई बाहेर पडली होती!" इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, हा माणूस आता हसेल.

तेवढ्यात वरून एका पोलिसानं हाक मारली.

थोडं वर, कातळाच्या आडोशाला ताई होती. जे उरलं होतं ते. उशाशी कात्र्यांची पिशवी, नीट बंद केलेली. समोरच्या झाडाच्या फांदीला ते केस कापताना बांधायचं कापड गाठ मारून लावलेलं होतं. ते फाटून चिंध्या झालं होतं, पण गाठ पक्की होती. रस्त्यावरून दिसावं म्हणून लावलं होतं. रस्त्यानं कोणी आलंच नव्हतं. सगळे नदीवर होते.

 

दहनानंतर तोकुजींनी आमच्या रीतीप्रमाणे काड्यांनी एकेक अस्थी वेचली. घरी येताना ते म्हणाले, "दार उघडं असू दे, एवढंच मागत होतो मी. मिळालं."

"तुम्हाला काय ठाऊक होतं?" मी म्हटलं. "ती घाटाला घाबरायचीच."

"घाबरायची. तरीही आली. घरी यायचं होतं तिला."

 

चार दिवसांनी मी तोफू द्यायला गेले तर कपाट उघडं होतं आणि सगळ्या गाड्या टेबलावर. तोकुजी एकेकीचं दार मिटवून कडेनं गोंद लावत होते आणि वाळेपर्यंत बोटानं दाबून धरत होते. मी थांबवलं नाही. शेजारी बसले आणि एक दार मीही दाबून धरलं.

त्या गाड्या पुढं त्यांनी देवळातल्या भिक्षूकडे नेऊन दिल्या. त्यांचं काय झालं, मी विचारलं नाही. नवी गाडी त्यांनी केली नाही. सलून चालू आहे. पण पाऊस जोरात आला की तोकुजी हातातली कात्री ठेवतात, अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक तसंच सोडतात आणि गल्लीत जाऊन उभे राहतात. जुनी माणसं वाट बघत बसतात. परवा एक नवा तरुण बसला होता, गळ्याला कापड, एका बाजूला केस, एका बाजूला नाहीत. "अहो, हे गेले कुठे? मला मुलाखतीला जायचंय!"

बाकावरचा इसोबे म्हणाला, "बस रे. येतील."

मी छत्री घेऊन बाहेर गेले. तोकुजी डोंगरांकडे तोंड करून उभे होते, चिंब.

"कोणी हाक मारली का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, तोकुजीसान. कोणी नाही."

"बरं," ते म्हणाले. पण जागचे हलले नाहीत. मग मीही छत्री धरून तिथंच उभी राहिले.