मागच्या सीटवरचे गुरुलिंगअप्पा

गुरुलिंगअप्पा उभ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसायचे. गाडी कुणाचीही असो. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, डबा संपला, की ओल्या फडक्याला हात पुसून ते बाहेर येत. हात धुण्याइतकं पाणी तेव्हा ऑफिसात नसायचंच. चिंचेखाली लावलेल्या गाड्यांपैकी एखादी निवडत आणि धोतर सावरून मागं बसत. डोळे मिटलेले, हात मांडीवर. मग ते हात हळूहळू सीटच्या कडेला चाचपडत मागं जात, धरायला काही सापडतंय का बघत. पाच-दहा मिनिटांनी उतरत आणि आपल्या टेबलाशी जाऊन फायली उघडत.

लातूर जिल्हा नवा झाला होता. आमचं ऑफिस एका जुन्या धान्यगोदामात होतं आणि उस्मानाबादहून आलेल्या फायलींची बोचकी अजून सुटायची होती. त्यात दुष्काळ. मी सव्वीस वर्षांचा, कंधारकडचा, रोजगार हमीच्या कामांची तपासणी करणारा. अप्पा टंचाई शाखेत जुने कारकून. घर रेणापूरला, रोज एसटीनं ये-जा. नवा जिल्हा झाला तेव्हा घराजवळ यायला मिळावं म्हणून सगळ्यांनी लातूरसाठी अर्ज केले होते. एकट्या अप्पांनी उलटा अर्ज केला होता, मला उस्मानाबादलाच राहू द्या म्हणून. तो नामंजूर झाला. रेणापूरचा माणूस रेणापूरजवळ यायला का कचरतो, हे कुणाला कळलं नव्हतं. अप्पा विक्षिप्त आहेत, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं.

विक्षिप्त असले तरी मोटारसायकलीतलं अप्पांना जितकं कळे तितकं ऑफिसात कुणाला कळत नसे, आणि ते स्वतः मात्र कधी चालवत नसत. मला गाडी घ्यायची होती. दिवसाला दीडशे किलोमीटर फिरायचं, कच्चे रस्ते, वर ऊन. माझं मन खाली वाकलेल्या हँडलच्या, दोन सायलेन्सरच्या वेगवान गाडीवर जडलं होतं. ती मी अप्पांना चौकात लांबून दाखवली.

"माणिक, गाडी डोळ्यानं घेऊ नको," अप्पा म्हणाले. "डोळ्याला समदंच बेस दिसतंय. पाठीनं घे."

नवीन गाडीला नंबर लावून महिनोन्‌महिने थांबावं लागे, म्हणून वापरलेली घ्यायचं ठरलं. त्यासाठी एका रविवारी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला गेलो.

पहिली गाडी एका प्राध्यापकांची. तशीच, माझ्या स्वप्नातली. मी बसलो आणि हँडल धरायला पुढं झुकलो, तर अप्पांनी माझ्या मनगटाखाली दोन बोटं घातली.

"आंगाचा समदा भार हितं आलाय बघ. अर्ध्या तासानं मुंग्या येत्याल. आता मान वळवून मागं बघ."

मी वळवली. खांद्यापलीकडं काही दिसेना.

"दिसना न्हवं?"

मग त्यांनी प्राध्यापकांना गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः मागं बसले. एक फेरी मारून आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मागची सीट उंच आणि पुढं उतरती, धरायला कातड्याचा एक पट्टा, तोही सैल.

"ही न्हाई."

मला राग आला. "अप्पा, गाडी मला चालवायची आहे. तुम्ही सारखं मागचंच काय बघता?"

"चालवणाऱ्याचं भागतंय रे. त्याला हँडल हाय, पायाशी ब्रेक हाय, डोळ्याम्होरं रस्ता हाय. मागच्याला काय हाय? तुझी पाठ. तेवढीच."

दुसरी गाडी साडेतीनशे सीसीची, जड, रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची. बसायला सरळ होती, पण तिची थरथर दाढेपर्यंत जाई. अप्पांनी मान हलवली. तिसरी जनावरांच्या एका डॉक्टरांची. अडीचशे सीसीची, रंग उडालेली. डॉक्टरांनी रुंद, उंच हँडल बसवून घेतलं होतं. चौदा वर्षं तालुका फिरलो, पण कंबर दुखली नाही, म्हणाले. आम्ही ती घेऊन अर्धापूरपर्यंत गेलो, मी पुढं आणि अप्पा मागं. दोन्ही बाजूंच्या केळीची पानं करपून खाली लोंबत होती. हँडल आपण होऊन हातात येत होतं, पाय बरोबर कमरेखाली, मनगटं मोकळी. आणि साठ-सत्तरच्या वेगाला गाडी इतकी मजेत पळत होती, की ती बसक्या हँडलची वेगवान गाडी मी विसरूनच गेलो.

"आता बघ मागं," अप्पा ओरडले.

मी वळून बघितलं. सीटच्या मागची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून अप्पा बसले होते. इतकी घट्ट, की हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"सरळ बसलेल्या माणसाला वळून बघता येतंय," ते म्हणाले. "हीच घे."

मी तीच घेतली. माझ्या बायकोला मागं बसायला सोपी जावी म्हणून हा सगळा खटाटोप, अशी माझी समजूत झाली होती. महिन्याभरानं अप्पा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"गिरिजाचं जमलंय. पुढच्या महिन्यात लगीन."

गिरिजा त्यांची एकुलती मुलगी. तिची आई बहात्तरच्या दुष्काळात तापानं गेली, एवढं मला माहीत होतं.

"तिच्या मामाला आवतन द्यायचंय. तुमच्या कंधारकडंच गाव हाय. तुझ्या गाडीवर नेशील का? लगनात पोरीच्या मागं मामाला उभं राहावं लागतंय."

"नेतो की. पण एरवी तुम्ही एसटीनं जाता-येता ना तिकडं?"

"ती गेल्यापसनं गेलो न्हाई," अप्पा म्हणाले. "अकरा वर्षं झाली."

आम्ही सकाळीच निघालो. अहमदपूरला चहा घेतला तेव्हा अप्पांनी अर्धा कप बशीत तसाच ठेवला. गावात पोचलो तर मेहुणा मन्मथ ओसरीवर दोर वळत बसला होता. पन्नाशीच्या आतला, पण वाळून गेलेला माणूस. उठून उभा राहिला.

"या दाजी."

त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अप्पा बसेनात. तांब्याकडं बघत उभ्यानंच बोलले.

"मन्मथ, म्या खोटं बोललो. शिवकांता तापानं गेली न्हाई. ताप व्हता, म्हून दोस्ताची गाडी मागून लातूरच्या दवाखान्यात न्यायलो व्हतो. खाली वाकल्या हँडलची गाडी. म्या वाकून, नजर रस्त्यावर. ती माझ्या मागनं पडली आन्‌ मला कळलं न्हाई. म्या बोलतच व्हतो तिच्याशी. आलं जवळ, धीर धर, म्हणत व्हतो. कोसभर गेलो. मग गाडी हलकी लागाय लागली."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. दुपारच्या सुट्टीत चिंचेखाली अप्पा काय शोधत असत, हे मला तेव्हा कळलं, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

"माघारी गेलो तर रस्त्याच्या कामावरच्या बायांनी तिला सावलीला घेतलेलं. संपली व्हती. उन्हाळा व्हता, तुमची वाट न बघता माती दिली. तापानं गेली म्हून कळवलं. आता शिव्या दे, मार, काय बी कर."

मन्मथनं हातातला दोर खाली ठेवला.

"दाजी, आमाला ठावं हाय."

अप्पांनी वर बघितलं.

"आमच्या गावची एक लेक तिकडं दिलेली. खडी फोडायला व्हती त्या कामावर. आक्काचं डोकं तिच्याच मांडीवर व्हतं. पंचमीला माहेरी आली तवा सांगितलं तिनं."

"मग इतकी वर्सं..."

"म्या दोनदा निघालो व्हतो तुमच्याशी भांडाय. आईनं पायताण लपवून ठेवलं. म्हणायची, त्याचं त्याला येऊन सांगू द्या. आला की जेवल्याबगर पाठवू नका. लई वाट बघितली तिनं. गेल्या पोळ्याला गेली."

अप्पा खाली बसले. ओसरीवर नाही, पायरीच्या खाली, मातीत. मन्मथ पायरीशी येऊन म्हणाला, "आक्का बोलली व्हती त्या बाईपाशी. पाणी मागितलं. मग म्हणली, ते म्होरं गेलेत, येत्याल. पळवत येऊ नका म्हणावं."

"आजून काय म्हणली?"

"तेवढंच."

"आजून?"

"न्हाई दाजी. तेवढंच."

अप्पांनी तिसऱ्यांदाही विचारलं. मन्मथनं तिसऱ्यांदाही तेच सांगितलं.

मन्मथच्या बायकोनं पानं वाढली. भाकरी, पिठलं, आणि त्या टंचाईत हात धुवायला भरून तांब्या. अप्पांनी त्या तांब्यातले फक्त चार थेंब हातावर घेतले. जेवताना ते घास चावायचे विसरत होते. निघताना मन्मथ गाडीपर्यंत आला.

"लगनाला येतो. भाचीच्या मागं उभा राहतो. पर तिला आधी सांगा. न सांगता बोहल्यावर चढवली, तर म्या येणार न्हाई."

परतीच्या वाटेवर अप्पा मागं दांडी धरून बसले होते. लातूर ओलांडून रेणापूरचा रस्ता लागला, तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांब. मला दे."

अकरा वर्षांत हँडलला हात न लावलेला माणूस. मला भीती वाटली, पण मी मागं सरकलो. अप्पांनी गाडी इतकी हळू चालवली, की एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. दर थोड्या वेळानं ते मान वळवून मागं बघत. माझ्याकडं बघत होते, असं मला वाटलं नाही. मी पाठीमागची दांडी धरून बसलो. एका नळकांडी पुलाच्या अलीकडं कडुलिंबाचं झाड होतं. तिथं त्यांनी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.

"हितं," म्हणाले.

रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची एसटी याच झाडाजवळून जात होती. नवा जिल्हा झाल्यापासून दिवसातून दोनदा.

"एसटीत डोळे मिटून घेतो," ते म्हणाले. "पर वळण कळतंय की रे आंगाला."

त्या संध्याकाळी मी त्यांना दारात सोडून परतलो. त्यांनी गिरिजाला कसं सांगितलं, काय शब्द वापरले, मला माहीत नाही. आठवडाभर अप्पा ऑफिसात उपाशी बसलेले दिसले. कुणीतरी म्हणालं, लेक बोलत नाही त्यांच्याशी, डबाही करून देत नाही.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. मांडवात टँकरचं पाणी होतं, जेवणावळ आवरती. मन्मथ सकाळीच आला, नवं धोतर नेसून भाचीच्या मागं उभा राहिला आणि अक्षता पडेपर्यंत त्यानं तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही. निघायच्या वेळी गिरिजा सगळ्यांच्या पाया पडली. अप्पांच्याही पडली. ते तिला उठवायला वाकले तेव्हा मी जवळच होतो.

"सांगायला नको होतं, अप्पा," ती म्हणाली. "मी तापावरच बरी होते."

अप्पांनी मान डोलावली. जीप दिसेनाशी झाल्यावरही ते मान डोलावत उभे होते.

त्यानंतर ते चिंचेखाली गेलेले मी पाहिले नाहीत. गाडी घ्यायची म्हणून लोक सल्ला विचारायला येत, तर म्हणत, "माणिकला विचारा, त्याला ठावं हाय." निवृत्त झाल्यावर ते रेणापुरातच राहिले. गिरिजा सणावाराला यायची, जेवण करून ठेवायची, जायची. दोघांमध्ये पुन्हा काही बोलणं झालं की नाही, मी कधी विचारलं नाही. एका हिवाळ्यात दोन दिवसांच्या आजारानं अप्पा गेले. खांदा द्यायला मन्मथ होता.

गेल्या वर्षी गिरिजा माझ्या घरी आली. आता तिचेही केस पांढरे झालेत. चहा घेतला, माझ्या बायकोशी गुडघ्यांबद्दल बोलली, आणि कप खाली ठेवून म्हणाली, "काका, ती जागा तुम्हाला माहिती आहे. मला दाखवा."

मुलाची कार घेऊन मी तिला नेलं. त्या रस्त्यानं मी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. रस्ता चौपदरी झालाय, मध्ये दुभाजक. नळकांडी पूल बुजलाय, एकही लिंब राहिलेला नाही. दोन्ही बाजूंना मंगल कार्यालयं, पेट्रोलपंप, 'प्लॉट विकाऊ'च्या पाट्यांची रांग. मी दोनदा पुढं गेलो, दोनदा कार वळवून मागं आणली. ती शेजारी बसून माझ्याकडं बघत होती. तिसऱ्या वेळी मी कार बाजूला घेतली.

"हीच," मी म्हणालो.

ती उतरली. कडेच्या दगडावर पदर सावरून बसली. ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्यानं तिचे केस उडत होते.

"अप्पा रोज इथून जायचे?"

"रोज."

"दोनदा?"

"दोनदा."

तिनं वाकून जमिनीला हात लावला, तसाच ठेवला, आणि आपल्या आईचं नाव घेऊन काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी कारशी उभा राहून रस्त्याकडं बघत होतो आणि मनात अंतरं मोजत होतो. खरी जागा मागं असेल, किंवा पुढं असेल. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.