अर्ध्या पुस्तकांच्या बाई

"पुढचं तिले विचार."

एवढं बोलून बाई चष्मा काढायच्या आणि त्याची काडी समोर बसलेल्या पोरीवर रोखायच्या. विचारणारी बहुतेक त्या पोरीची आईच असायची. बाईंना स्वतःला पुस्तकाचा शेवट ठाऊक असायचा, पण तो त्यांच्या तोंडून कधी कोणाला कळला नाही. आईने पोरीलाच विचारायचं, नाहीतर उपाशी राहायचं.

पांढुर्ण्याच्या वाचनालयात तेव्हा सकाळ-संध्याकाळ पुरुष मंडळी पेपर वाचायला यायची. वाचण्यापेक्षा संत्र्याच्या भावावर बोलणंच जास्त चालायचं. रविवारी दुपारी मात्र कुलूप असे. ही दुपार बाईंनी सचिवांकडून मागून घेतली. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि निम्मं गाव त्यांच्या हातची छडी खाऊन मोठं झालेलं होतं. सचिवही त्यातलेच, त्यामुळे किल्ली लगेच मिळाली. मग बाईंनी घरोघर फिरून सांगितलं, की रविवारी आईने आणि लेकीने जोडीने यायचं. एकटीला प्रवेश नाही.

पहिली अडचण अशी आली की प्रत्येक पुस्तकाची प्रत एकच. आईने नेलं तर ते पिठाच्या डब्यावर पडून राही. पोरीने नेलं तर ती एका दमात संपवी आणि आईला काही सांगत नसे. बाईंनी दोन-तीन रविवार हे पाहिलं आणि एक दिवस पिशवीतून ब्लेड काढलं. जुन्या कादंबरीची शिवण मधोमध उसवली, दोन्ही तुकड्यांना खाकी कव्हर घातलं आणि पोती शिवायच्या दाभणाने सुतळी ओवून ते पक्के केले. पहिला तुकडा आईला, दुसरा लेकीला. लेकीची गोष्ट मधूनच सुरू व्हायची, म्हणून तिला मागचं आईला विचारावं लागे. आईची गोष्ट ऐन रंगात तुटायची, म्हणून तिला पुढचं लेकीला विचारावं लागे.

सचिवांनी कपाट उघडलं तेव्हा ते हबकलेच. "बाई, पुस्तकं कापून राहिल्या का तुम्ही?"

"तुम्ही संत्रं अख्खं गिळता का?" बाई म्हणाल्या.

सचिवांनी कपाट लावून घेतलं. छडीची आठवण माणसाला जन्मभर पुरते.

माझी आई चौथी शिकलेली. बाबा नगरपालिकेत नळाच्या कामावर होते आणि आई संत्र्याच्या हंगामात बागेत पेट्या भरायला जायची. वाचायला तिला वेळ कुठला? पण बाईंनी आमच्या वस्तीत येऊन, आमच्या ओट्यावर बसून, आमच्या कपातला चहा पिऊन तिला तयार केलं होतं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे चहा घ्यायला का-कू करणारे लोक तेव्हा होते, बाई त्यांतल्या नव्हत्या. म्हणून आईला त्यांचं कौतुक वाटायचं, आणि मलाही.

आमच्या पहिल्याच पुस्तकाने आमची फजिती केली. आईने मला तिच्या तुकड्याची गोष्ट सांगितली. नायक मोठ्या मिशांचा, त्याची संत्र्याची बाग, घरी गुडघे दुखणारी म्हातारी आई. माझ्या तुकड्यात तोच नायक शहरात भाड्याच्या खोलीत राहून कारकुनी करत होता. मी विचार केला, बाग विकली असेल. रविवारी उभी राहून मी ठसक्यात सांगितलं, "अन् मग त्यानं बाग विकून टाकली."

"कोणती बाग?" बाईंनी विचारलं.

सगळ्या बायका हसायला लागल्या. आई पदर सावरत म्हणाली, "चारच पानं झालती, बाई. मंग पेट्याचं काम निंगालं. पोरगी रोज विचारून राहिली, पुढे का झालं, पुढे का झालं. तं सांगतलं."

"पण लेकीले खोटं काऊन सांगतलं?"

बाईंचा आवाज शाळेतला होता. माझी आई मात्र त्यांच्या शाळेत शिकलेली नव्हती.

"खोटं तं खोटं. बोलली तं ना मी तिच्यासंग? तुम्ही तं कुसुमसंग बोलूनच नाही राहिल्या."

हसणं जागच्या जागी थांबलं. कुसुम म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. तिने सौसरच्या एका मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं होतं. मुलगा तहसिलीत नोकरीला, स्वभावाने गरीब, आणि आमच्यातला. माझ्या आईच्या माहेरच्या गल्लीत त्याचं घर. बाई लग्नाला गेल्या नाहीत. पुढे कुसुम भेटायला आली तर त्यांनी दार उघडलं नाही, आणि नंतर ती आलीच नाही. आमच्या ओट्यावर चहा पिणाऱ्या बाईंना आमच्यातला जावई चालला नाही. याचा मला राग होता, आजही आहे. आणि बाई मला फार आवडायच्या, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एका मनात कशा राहतात ते मला विचारू नका, पण राहतात.

बाईंनी चष्मा पुसला, कपाटाला कुलूप लावलं आणि त्या निघून गेल्या. आता हा कारभार संपला, असं आम्ही धरून चाललो.

पुढच्या रविवारी त्या आल्या त्या एक कोरं पुस्तक घेऊन. वाचनालयात नव्यानेच आलेलं होतं, सचिवांनी अजून त्यावर शिक्काही मारला नव्हता. बाईंनी ते सगळ्यांच्या देखत उसवलं. पहिला तुकडा आपल्या पिशवीत टाकला आणि दुसरा माझ्या आईच्या हातात दिला.

"सौसरले जाशीन तवा कुसुमले देऊन देजो."

"काही सांगू का?"

"काही नको सांगू. पुस्तकच तं आहे."

आईने ते नेऊन दिलं. कुसुमने अंगणात उभ्या उभ्याच पान उघडलं. पहिलं वाक्यच अर्ध्यातून सुरू होत होतं.

"ताई, याची सुरुवात कुठी आहे?"

"तुया आईजवळ."

कुसुमने पुस्तक फळीवर ठेवून दिलं आणि आईला विचारलं, चहा मांडू का.

त्यानंतर बाईंनी वाचनालयातली आपली खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून मांडली. उजेड चांगला येतो म्हणाल्या. कोणाची चप्पल पायरीवर वाजली की त्यांचं बोलणं अडखळायचं. आई माहेरी जाऊन आली की त्या तिच्याकडे नुसत्या पाहायच्या आणि आई नुसती मान हलवायची. हंगाम उलटला, पेट्या भरून गाड्या नागपूरकडे गेल्या, बागा मोकळ्या झाल्या, तरी कुसुम काही आली नाही. मला वाटायचं, यायला काय हरकत आहे हिला? मागचं जाणून घ्यायची एवढीशीही उत्सुकता नसावी?

एके दिवशी आईच म्हणाली, "बाई, ते नाही येत. तिनं काऊन यावं? दार तुम्ही लावलतं. पुढचं तुम्हाले पायजे, तं तुम्हीच जा विचाराले."

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वाचून राहिली का ते?"

"मले का मालूम?"

त्यानंतरच्या रविवारी वाचनालयाला कुलूप. आम्ही सगळ्या मायलेकी पायरीवर ताटकळत बसलो. कोणी म्हणालं, बाई आजारी असतील. कोणी म्हणालं, जामसांवलीला गेल्या असतील मारुतीला. बाई आणि मारुती! त्यांनी मारुतीलाही पुढचं सांग म्हणून उभं केलं असतं. बाबांनी मात्र सकाळी त्यांना सौसरच्या मोटारीत चढताना पाहिलं होतं, छातीशी पिशवी घट्ट धरून.

तिथे काय झालं ते मला माझ्या मामीने सांगितलं. गल्लीतल्या सगळ्या बायका कामं टाकून बाहेर आल्या होत्या. बाई कुसुमच्या दारात उभ्या राहिल्या. कशी आहेस म्हणाल्या नाहीत, चुकलं म्हणाल्या नाहीत. "पुढे का झालं?" एवढंच म्हणाल्या.

कुसुम म्हणाली, "मी वाचलंच नाही, आई. मागचं मालूम नसताना कशी वाचू?"

बाई अंगणातल्या बाजेवर बसल्या आणि सांगायला लागल्या. कुसुम समोर जमिनीवर बसली आणि मध्येच केव्हातरी रडायला लागली. तो भाग रडण्यासारखा नव्हता, असं बाईंनी तिला सांगितलं म्हणे. तेवढ्यात जावई भाजीची पिशवी घेऊन आला तो दारातच खिळला. बाईंनी चष्म्याच्या काडीने त्याला बाजेवरची जागा दाखवली, बस म्हणून, आणि गोष्ट चालू ठेवली. तो सासूच्या शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन, पहिला तुकडा संपेपर्यंत बसून राहिला.

आणि आमचा रविवार बुडाला तो कायमचाच. बाई आता दर रविवारी सौसरला जायला लागल्या. माझी आई मात्र खूश होती. "ज्याच्यासाठी चाललं होतं ते झालं ना," ती म्हणायची. मी चिडायचे, मला पुस्तकं हवी होती. ते कोरं पुस्तक वाचनालयात कधी परत आलं नाही, आणि सचिवांनी ते कधी मागितलंही नाही.

मी नागपूरला कॉलेजात असताना एका सुट्टीत मामाकडे गेले होते. बाई तेव्हा कुसुमजवळच राहायला आल्या होत्या. मामी म्हणाली, "जा, पण ओळखणार नाही. विसरून राहिल्या सारं."

बाई त्याच बाजेवर बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. त्यांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मी नाव सांगणार तोच त्या म्हणाल्या, "संत्र्याची बाग."

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"हिच्या मायनं," त्या सांगायला लागल्या, "चारच पानं वाचली होती. अन् मंग..." तिथे त्या थांबल्या. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हते. मी तोंड उघडलं, तर कुसुमने हातानेच मला थांब म्हटलं.

बाईंनी सावकाश चष्मा काढला आणि काडी कुसुमकडे केली.

"पुढचं तिले विचार."

कुसुमने हातातलं सूप खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. मिशा, बाग, म्हातारीचे गुडघे, सगळं तिला माहीत होतं. बाई मान पुढे करून ऐकत होत्या, पहिल्यांदाच ऐकावं तशा.